चाकणचा भाव

१५ ऑक्टोबर २०१३, एर्लांगेन, जर्मनी

झालं! आमच्या कंपनीचं ओहायोतलं केबल जोडायचं काम चाकणला जाणार. का? तर मजुरी स्वस्त. आणि खर्चाचा तक्ता कोणी करायचा? मीच! पुण्याची ना मी.

ओहायोच्या त्या शेडमध्ये बहुतेक सगळी गतिमंद माणसं कामाला आहेत. दर मंगळवारी व्हिडिओ कॉल असतो. पेगी, त्यांची सुपरवायझर, बोलत असते आणि मधेच डॅरिल कॅमेऱ्यात तोंड घालतो. चाळिशीचा आहे, पण सगळ्यांना हाका मारून झाल्याशिवाय हलत नाही. आज पेगीला रडूच आलं. "याला दुसरीकडे कोण घेणार?" संताप संताप झाला नुसता.

२० ऑक्टोबर

ऑफिसातल्या कपिलकडे जेवायला. म्हणे, "अगं विभावरी, आपल्या पोरींना काम मिळतंय, तुझ्या का पोटात दुखतंय?" पोरींना! कंत्राटावर घ्यायच्या आणि सात महिन्यांत घरी पाठवायच्या — हे काम? चांगलीच जुंपली आमची. त्याच्या बायकोने केलेली बासुंदी तशीच राहिली, ते मात्र वाईट झालं.

२३ ऑक्टोबर

शेफच्या — इथे साहेबाला शेफच म्हणतात — केबिनमध्ये गेलेच. म्हटलं, चाकणचा भाव मागवलात, मग ओहायोला एकदा विचारा तरी! त्यांना काही संधी नको? ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "जा, जा. चाकणच्या भावात बसवून दाखवा म्हणावं. मग राहू दे तिथेच."

आवाज चढला होता माझा. चढू दे!

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. ओहायोचं उत्तर नाही. करंज्या तळताना तीन जळल्या.

८ नोव्हेंबर

राहिलं! काम ओहायोतच राहिलं! त्यांनी चाकणपेक्षाही कमी भाव दिला. शेफ स्वतः येऊन सांगून गेले. कपिलला मुद्दाम फोन केला — घे म्हटलं! भांडल्याशिवाय काही मिळत नाही या जगात.

१२ नोव्हेंबर

पेगीला विचारलं, एवढं जमवलं कसं? म्हणाली, "इतकी वर्षं किमान वेतन देत होतो. पण अपंगांना त्याहून कमी द्यायची परवानगी मिळते आमच्याकडे, कायद्याने. ती काढली. डॅरिलला आता तासाला अर्धा डॉलरही पडणार नाही. पण दार तरी उघडं राहिलं."

मग तिने सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर ओळीने उभं केलं. एकेकाने पुढे येऊन माझे आभार मानले.