तीन वर्ग अलीकडे, तीन पलीकडे

११ मार्च

बोलून गेले मी. जिल्ह्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. आमची नाखामची शाळा आणि ओढ्यापलीकडची दोनहायची शाळा — दोन्ही बंद करायचं चाललंय, मुलं कमी म्हणून. मी म्हटलं, बंद कशाला? वाटून घेऊ. दोन्ही गावांची पहिली ते तिसरी आमच्याकडे. चौथी ते सहावी त्यांच्याकडे. मग दोन्हीकडचे शिक्षक वाटून घेतले की एका शिक्षकाला एकच वर्ग येईल. आत्ता माझ्या एका खोलीत तीन वर्ग बसतात. एका फळ्यावर भागाकार, दुसऱ्यावर व्याकरण, आणि मधली मुलं नुसती खिडकीबाहेर बघत.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दोनहायचे हेडमास्तर बुनलेर्त सर हसले. "बाई, आपल्या दोन गावांची मढीसुद्धा एका देवळाच्या आवारात जळत नाहीत. तुम्ही पोरं एका बाकावर बसवताय?"

बाहेर आल्यावर आमची दुआंगजाई — पहिली-दुसरी-तिसरी तीच सांभाळते — म्हणाली, "बाई, केवढा धीर हो तुमचा." धीर कसला? आत काही हललंच नाही. बोलले काय, न बोलले काय. सारखंच.

१२ मार्च

चिकटभात, मिरचीची चटणी. खाल्लं. चव लागली नाही.

१९ मार्च

देवळाच्या मंडपात गावाची सभा. बहुतेक आज्याच. आईबाप सगळे बँकॉकला, बांधकामावर नाहीतर कारखान्यात. दोनहायचं नाव काढल्याबरोबर गलका. पावसासाठी अग्निबाण सोडतात त्या जत्रेत झालेली मारामारी निघाली, कालव्याचं पाणी निघालं, कुणाची तरी मोडलेली सोयरीक निघाली.

शेवटी खामपन आजी उठली. पान थुंकून आली आणि माझ्यासमोरच बसली. "रच्चनी, थावॉर्न गेल्यापासून तू दगड झालीयेस. दगडाला काय, दुसऱ्याची पोरं ओढ्यापार धाडायला?"

थावॉर्नचं नाव माझ्यासमोर कुणी घेत नाही. गेल्या पावसाळ्यात नवरा गेला माझा — वर्गातून घरी आला, डोकं दुखतंय म्हणाला, आडवा झाला. चौथी ते सहावी त्याची होती. त्याच्या जागी दुसरा शिक्षक मिळाला नाही. म्हणून ते तीन वर्ग माझ्याकडे.

मी म्हटलं, "असेन दगड. पण पुढच्या वर्षी शाळाच नसली तर तुमच्या फाईला कुठं धाडाल, आजी?"

फाई तिची नात. यंदा चौथीत जाईल. आजी उठून आपल्या जागी परत गेली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं मला.

हात वर झाले. थोडे जास्त आमच्या बाजूनं.

२ एप्रिल

बुनलेर्त सर आले. आधी हसले होते, पण त्यांच्या गावानंही होकार दिलाय. सोबत त्यांच्या बागेतले आंबे. दोन शाळांना मिळून हेड एकच लागणार. मी म्हटलं, तुम्हीच व्हा, वयानं मोठे आहात.

"अहो, मला कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर हेडमास्तर झालो. तुम्हाला म्हणता येतं. तुम्ही व्हा."

"बरं," म्हटलं.

ते बघतच राहिले. "जरा आढेवेढे तरी घ्यायचे, बाई."

२८ एप्रिल

थावॉर्नच्या वर्गातले बाक पलीकडे गेले. शेतातल्या इंजिनगाडीवर रचले आणि दोरीनं आवळले. दुआंगजाई माझा दंड धरून उभी होती. मला रडू येईल असं तिला वाटत असावं. मी गाडीवाल्याला सांगितलं, डावीकडची दोरी सैल आहे.

१६ मे

शाळा सुरू झाली. पलीकडून लहानगी आली, आपली मोठी तिकडे गेली. पुलाच्या तोंडाशी बुनलेर्त सर छत्री घेऊन उभे, लग्नघरच्या माणसासारखे. "या, या, पाहुणे."

वर्गात मात्र दोन गावं दोन भिंतींना. मध्ये गाय जाईल एवढी वाट. एकाही पोरानं ती ओलांडली नाही.

दुपारी सांगितलं — जेवल्यावर ताटल्या जोडीनं धुवायच्या. धुणारा अलीकडचा, पुसणारा पलीकडचा. उद्या उलट. न बोलता धुतल्या. एक फुटली. दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली. चला, बोलली तरी.

२० जून

दुआंगजाई धावत आली. तिच्याकडे आता फक्त पहिली आहे. जी मुलं अक्षरांना बिचकायची ती शब्द वाचतायत. तिचे डोळे भरले होते. "इतकी वर्षं मला वाटायचं, मलाच शिकवता येत नाही."

मी म्हटलं, "छान." तिला आणखी काहीतरी हवं होतं माझ्याकडून. नव्हतं माझ्याजवळ.

९ जुलै

मोठ्या मुलांना पलीकडे नेणारी इंजिनगाडी पुलाच्या कडेवरून घसरली. चिखल. पुलाला कठडा नाही. गाडी कलंडली. बाकीच्यांना खरचटलं, फाईचा हात मोडला.

दवाखान्यात खामपन आजी बाकावर बसली होती. शिव्या देईल वाटलं. तिनं तोंड फिरवलं फक्त. बँकॉकहून फाईच्या आईचा फोन आला. किंचाळत होती. मी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "चूक माझी. गाडी मी ठरवली होती. पूल आधी बघायला हवा होता."

साहेबांचा फोन — तूर्तास बंद ठेवा. म्हटलं, नाही. कठडा लागेपर्यंत गाडी बंद, शाळा चालूच. उद्यापासून मुलं चालत जातील, मी बरोबर जाईन.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "बाईला काळीज आहे की नाही?" मीही तेच बघत होते. फाईच्या हाताचा तो कोन पाहूनसुद्धा — काही नाही. हे मात्र बरं नव्हे.

१० जुलै

निम्मीच मुलं आली. त्यांना घेऊन चालले.

१७ जुलै

बांबूचा कठडा झाला. दोन्ही गावांची माणसं होती. कामात एकमेकांशी फारसं बोलली नाहीत, पण दोरी एकाच बाजूनं ओढली. तरी मुलं चालतच जायचं म्हणतात. जाऊ दे.

आज सगळी होती. फाईही, हात गळ्यात बांधून.

२१ ऑगस्ट

जिल्ह्याचे साहेब आले, बरोबर आणखी चौघं. वर्ग पाहिले, मुलांना वाचायला लावलं. दोन भिंती आता कुठल्या गावाच्या ते कळत नाही. साहेब खूश. म्हणाले, अशा आणखी बारक्या शाळांच्या जोड्या लावायच्यात, पुढारपण मी करायचं. "या बाईंचं धाडस बघा," असं सगळ्यांना सांगत होते.

खामपन आजी फाईला न्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "धाडसबिडस काही नाही, साहेब. तिला काही होत नाही म्हणून करते ती. ज्याला होतं, त्यानं करून दाखवावं."

साहेब हसले. आजी हसली नाही. जाताना मात्र पदराखालची भाताची टोपली माझ्या टेबलावर ठेवली. "वाळत चाललीयेस. खा."

साहेबांना म्हटलं, विचार करून कळवते. खरं तर विचार करायला काय होतं? कुठलीही बाजू जड वाटत नव्हती.

३ सप्टेंबर

पाऊस. दिवसभर. ओढा फुगला.

४ सप्टेंबर

पुलाच्या मध्यावर पाय उचलेना. मागे मुलांची रांग, खाली लाल पाणी, फाईचं बोट माझ्या मुठीत. पलीकडून बुनलेर्त सर ओरडत होते — या, पाणी अजून खालीच आहे. मला रांगेतलं एकेक पोर वाहून जाताना दिसलं. सगळ्यांना मागे फिरवलं. धापा टाकत, जवळजवळ पळतच. शाळेच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले, मुलांसमोर. थावॉर्न, थावॉर्न म्हणत. दुआंगजाईनं मुलांना आत नेलं. कितीतरी वेळानं मी उठून साहेबांना फोन लावला. म्हटलं, जोड्यांचं काम घेते, पण आधी सगळे पूल बघेन. आवाज नीट येत नाही, म्हणाले. म्हटलं, घाबरलेय मी.