ड्युटीच्या दिवशीची गोळी

अण्णा, दवाखान्याच्या बाकावर बसलेय आणि मला तुमचा लई राग आलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता हा राग काढायचा कुणावर? म्हणून मोबाईलवर लिहीत बसलेय. माझ्यापुढं एकच बाई आहेत, त्यांचं झालं की माझा नंबर.

तुम्ही एसटीचे ड्रायव्हर होतात, तुमच्यामागं मी, तुमची लेक, कंडक्टर झाले. तीच तुळजापूर-सोलापूर वाट, तीच देवीच्या माणसांनी भरलेली गाडी, आणि आता बीपीची गोळीही तसलीच. घेतली की तासाभरात लघवीला पळायला लावणारी. आई चुलीपुढनं विचारायची, "गोळी घेतली का?" तुम्ही म्हणायचात, "घेतली की!" आणि गोळी जायची न्हाणीत. मी आईला सांगितलं तर माझ्यावरच खेकसलात, "लई शहाणी झालीस! भरली गाडी उभी करून ड्रायव्हर आडोशाला पळतो, बरं दिसतं का?" डॉक्टरला मात्र "रोज घेतो" म्हणून सांगायचात. बीपी उतरेना, म्हणून त्यांनी गोळी वाढवली. ती जड गोळी तुम्ही रजेच्या दिवशी घ्यायचात आणि बाजेवरनं उठताना चक्कर येऊन भिंत धरायचात. मग एका ड्युटीच्या सकाळी चहाची बशी हातातनं सुटली, तोंड वाकडं झालं. आईकडं बघून काहीतरी बोलायला गेलात, पण शब्दच फुटेना. ते डोळे मला अजून दिसतात.

आणि मी तरी काय वेगळं करतेय? ड्युटी असली की गोळी न्हाय. गडीमाणसाला निदान बाभळीचा आडोसा असतो, मी भर रस्त्यात घंटी मारून गाडी थांबवू आणि सांगू काय? घरी लेक विचारते, "मम्मी, गोळी?" मी म्हणते, "घेतली की!" अगदी तुमच्या सुरात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "रोज घेताय ना?" मी म्हणाले, "व्हय." आत्ता नर्सबाईंनी बीपी मोजलं आणि पट्टा सोडून पुन्हा मोजलं. त्यांचं तोंड बघूनच कळलं, बीपी वाढलंय. आता हे डॉक्टरही गोळी वाढवून देणार, आणि मीही ती रजेच्याच दिवशी घेणार.

बाकावरच्या बाईंनी सहज विचारलं म्हणून त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मलाबी तसंच व्हायचं. डॉक्टरला सांगितलं, त्यांनी बदलून दिली. आपल्या मनानं बंद करू नकोस तेवढं. सांग की, त्यात काय!" त्यात काय म्हणे! डॉक्टर माझ्या भाच्याएवढा पोरगा आहे.

बाई आत गेल्यात. हे पत्र कुठं टाकायचं न्हाय, कुणाला दाखवायचं न्हाय. मरणाची भीती वाटतेच, अण्णा, पण खरं सांगू, त्या पोरापुढं 'लघवी' म्हणायची त्याहून जास्त वाटते. तुमच्यापुढं तर हा शब्द मी जन्मात काढला नव्हता. म्हणून आधी तुम्हालाच सांगून बघितलं.