निंबाईचा कौल

३ मार्च, सकाळ.
शेत पुनीतशेठने घेतलं, आता तिथे प्लॉट पडणार. निंबही पाडणार म्हणे. मी मुलाला, कुंदनला सांगून टाकलं, निंब हलणार नाही. आखाजीला, अक्षय तृतीयेला, माझी नूतन माहेरी येते, झोका त्यालाच बांधते. कुंदन म्हणतो, सह्या झाल्या. त्याच्या झाल्या, माझी कुठे झाली?

५ मार्च.
शेठ स्वतः आला. पाया पडला. एका झाडाच्या बदल्यात पाच लावू म्हणाला, नियमच आहे. रोपं दाखवली, अशोकाची, छत्रीच्या दांडीएवढी. झोक्याचं काय ते विचारायचं राहिलं. चहात आलं मात्र छान उतरलं होतं.

८ मार्च, पहाटे.
निंबाखाली नदीतला गोटा मांडला, शेंदूर फासला. देवाच्या झाडाला कोण हात लावतो? पातळाला डाग पडला, निघत नाही. जाऊ दे.

११ मार्च.
जेसीबी आला. छगन ड्रायव्हरने चपला काढल्या, हात जोडले, मशीन मागे घेतलं. जिंकले. शेजारची भिकुबाई विचारते, "देवीनं नाव काय शे वं अक्का?" तोंडात आलं ते सांगितलं, निंबाई.

२० मार्च.
ओट्या भरायला बायका येतात. शेठही नारळ घेऊन आला. म्हणाला, "अक्का, देवीला उन्हात ठेवू नये. मंदिर बांधतो." भला माणूस. निंबाची आता काळजीच मिटली.

४ एप्रिल.
मंदिराच्या पायाला निंबाची मुळं आडवी येतात. शेठ म्हणाला, देवीला विचारा, ती म्हणेल तसं. मला आनंदच झाला, देवी माझीच ना! गोट्याला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर निंब राहील. उजव्याला मुद्दाम पाणी कमी लावलं. सगळं गाव बघत होतं.
डावं पडलं.
वारा होता. पण भिकुबाई म्हणाली, कौल तो कौल. दुपारपर्यंत फांद्या ट्रॅक्टरमध्ये. देवीला पाच झाडंच पाहिजे असतील, तिचं मन मोठं.

१२ एप्रिल.
अशोकाची दोन वाळली. उरलेली तीन पाणी घातलं की तरारतील. टँकर आला नाही.

१९ एप्रिल, आखाजी.
मंदिर झकास. पहिला नारळ माझ्या हातून. फरशी तापली होती, पाय पोळले, पण मान केवढा! सावलीसाठी मंडप घालायचा तर दोर कमी पडला. नूतनने झोक्यासाठी नवा दोर आणला होता, तोच मी दिला.
नूतन चारच्या एसटीने परत गेली. एरवी आठ दिवस राहते. सासरी काम असेल.