थोरबाची डहाळी

१० जानेवारी १९५५, कोसमटोला

सकाळी दुसरीचे पाढे चालले होते तोच रेंजरसाहेबांची जीप दारात. पोरं पाढे टाकून जीपभोवती. मेली शिस्त! साहेब म्हणाले, "कमलबाई, विलायतेहून एक मॅडम आल्या आहेत. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, दोन-चार दिवस सोबत करा."

माझं इंग्रजी चांद्याच्या मिशन शाळेतलं. प्रार्थना येते, खिरीसारखा एक पदार्थ कसा करायचा ते येतं, आणि आजारी आहे म्हणून रजेचा अर्ज. एवढ्यावर कोणाच्या जन्माचं बोलणं पेलायचं! पण नाही म्हणायची सोय नव्हती. शाळेला कुलूप. मास्तरीण मीच, हेडमास्तरीण मीच, झाडणारीही मीच.

बाई म्हणजे मिस थॉर्नबी. पासष्टीच्या पुढची, खजुराच्या झाडासारखी सरळ. पायात लोकरीचे मोजे, डोळे पाणीदार. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून कोरा चहा पीत होती. रज्जाकभाऊ खानसामा माझ्या कानात म्हणाला, "दूध नक्को, शक्कर नक्को. ये कोई चाय हुई?"

तिचा जिल्हा रटलंड. इंग्लंडातला सगळ्यात लहान म्हणे. मेंढरं, गवत, चर्च. आपल्या आलापल्लीच्या जंगलात कुठंही ठेवला तर सापडायचा नाही. तिकडं आता मोठी पाटी लावणार आहेत, जिल्ह्यातून निघालेल्या नामवंत माणसांची. एक सेनापती आहे, एक बिशप आहे, एक मेंढरांची नवी जात काढणारा आहे. हिचा थोरला भाऊ इकडं जंगलखात्यात होता, इंग्रजी अमदानीत. याच भागात दौऱ्यावर असताना एका पावसाळ्यात बेपत्ता झाला, वारला असं ही धरून आहे. कुठं पुरला, कोणी पुरला, कागदावर काही नाही. पाटीची कमिटी म्हणते, तुझा भाऊ नोकरी टाकून पळाला असेल, रानात कुठं राहिला असेल, त्याचं नाव कशाला? हिला त्याची कबर हवी. दगडावर नाव असेल तर त्याचा फोटो हवा. तो नेऊन कमिटीपुढं ठेवायचा.

"आमच्या घरातली मी शेवटची," असं म्हणाली. पुढचं मला समजलं नाही, की तीच थांबली, कोण जाणे.

११ जाने.

मोहाखाली गाव जमवलं. डोमाभाऊ मधोमध. तो गावचा पुजारी. त्याच्या शब्दाबाहेर इथं शेळीसुद्धा जात नाही. मी मोठ्या ऐटीत उभी राहिले. आठ दिवसांपूर्वी पोरांना निबंध सांगितला होता 'आपल्या जिल्ह्यातील थोर माणसे', तेच शब्द जिभेवर. म्हटलं, "या बाईंच्या भावाला तिकडं त्यांच्या थोरांत बसवायचं आहे. त्यासाठी त्या आल्या आहेत. तो इथंच कुठं आहे, दाखवा."

एका बाईनं पदर तोंडाला लावला. डोमाभाऊ जमिनीकडं बघत म्हणाला, "इथी कोनताच साहेब नाई. कधी नव्हता." आणि उठून चालता झाला. त्याच्यामागं सगळे.

तीन वर्षं या गावात काढली. माझ्यासमोरून असं कोणी उठून गेलं नव्हतं. मिस थॉर्नबी विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले. मी सांगितलं, आठवत नाही म्हणतात.

१२ जाने.

हात्तिच्या! माझ्याच जिभेचा पराक्रम.

सकाळी रज्जाकभाऊ धापा टाकत आला. "बाई, आप क्या बोल दिये उनको? पूरे गाव में हल्ला है, मेम थोरबाले उठवून न्याले आली."

थोरबा! घाटाच्या चढावरचा देव. आमच्याकडं येणारा-जाणारा तिथं थांबतो, डहाळी मोडून टाकतो, पुढं जातो. मीही टाकते. थकवा थोरबावर टाकायचा, असं म्हणतात. डहाळ्यांचा केवढा तरी ढीग झालाय. त्याखाली कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. देव म्हणजे देव, त्याचं आडनाव कोण विचारतं?

थॉर्नबी, थोरबा. तोंडात घोळवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मी मास्तरीण, आणि तीन वर्षांत ऐकू आलं नाही. वर "थोरांत बसवायचं" म्हटलं. यांना ऐकू आलं, थोरबाला तिकडं बसवायचं. बसवतात कोणाला? देवाला! म्हणजे इथली जागा रिकामी. मग काय होणार, गाव बोलायचंच बंद झालं.

मिस थॉर्नबीला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत देवाचं सांगताना घाम फुटला. तिनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "ते त्याला काय म्हणतात? पुन्हा म्हणा." मी म्हटलं. तिनं स्वतः म्हणून पाहिलं. थोरबा. तिच्या तोंडी ते 'थॉर्बा' झालं. हसली आणि रुमाल काढला.

मला तिची दया आली. रागही आला, स्वतःचा.

१४ जाने., संक्रांत

बाईंना घाटावर न्यायला डोमाभाऊची परवानगी नाही. जबरदस्ती करायची तर रेंजरसाहेबांना सांगून पोलीस आणता येईल, असं रज्जाकभाऊनं सुचवलं. मी त्याला असं झापलं की तो कांदा चिरायला निघून गेला.

तीळगूळ घेऊन सोमीबाईकडं गेले. सोमीबाई रोज घाट चढून बांबूच्या टोपल्या बाजाराला नेते. थोरबाला सगळ्यात जवळून ओळखणारी तीच. म्हटलं, गोड बोल. म्हणाली, "तू आधी गोड बोल, मंग मी बोलतो."

समजावलं. कोणी त्याला नेत नाही. तिकडं फक्त नाव लिहिणार.

"मंग बसवाचं काऊन म्हनलीस?"

"तसं बोलतात. पुस्तकी बोलणं."

"इथून उठवल्याबिगर तिथी बसवता येते का?"

एकाच माणसाला दोन ठिकाणी बसवायचं म्हणजे काय, हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

सोमीबाईनं तीळगूळ तोंडात टाकला. म्हणाली, "बहीन हाये ना त्याईची? बहिनीले पाहाले काऊन मनाई? मी बोलतो डोमाभाऊसंग."

१५ जाने.

आज जे झालं ते नीट लिहिते, नाही तर उद्या मीच त्याला मीठमसाला लावीन.

डोमाभाऊ पुढं, मागं आम्ही तिघी, मागं अर्धं गाव. चढ लागला. मिस थॉर्नबी न थांबता चढली. वर ढीग दिसला. काल-परवात गावानं त्यावर आणखी डहाळ्या रचलेल्या, दगड दिसू नये म्हणून. बाईचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाली, "माझ्या भावावर केर टाकतात?" मी तोंड उघडायच्या आत ती गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी डहाळ्या बाजूला फेकू लागली.

एकच कल्लोळ! डोमाभाऊ ओरडला, बाया रडायला लागल्या. मी तिचा दंड धरला. "केर नाही हो! मान आहे, मान!" मानाला इंग्रजी शब्द सुचेना. शेवटी शाळेतली प्रार्थना आठवली, त्यातला 'पवित्र' या अर्थाचा शब्द ओरडले. तिला काय समजलं देव जाणे, पण हात थांबले.

आणि थांबलेल्या हातांसमोर ओटा.

ढिगाच्या कडेला चिरेबंदी दगडाचा ओटा आहे, उभ्या बाईच्या छातीएवढा. सोमीबाई रोज त्यावर ओझं ठेवते. मीही पाठ टेकलेली आहे. मिस थॉर्नबी उठली, ओट्याजवळ गेली, हात पसरून वरून फिरवला. पुन्हा पुन्हा. मग भडाभडा बोलायला लागली. मी म्हटलं सावकाश, सावकाश. तेव्हा कळलं ते असं: यांच्या शेताच्या फाटकाशी असाच ओटा होता. दुधाच्या मोठ्या लोखंडी बरण्या त्यावर ठेवायच्या. गाडी आली की गाडीवान एकटा त्या सरकवून घ्यायचा, वाकायला नको. तो ओटा बापानं आणि या भावानं मिळून बांधला होता. कोपऱ्याचा दगड असाच तिरका बसवलेला. "तो नेहमी तिरकाच बसवायचा," म्हणाली. "बाबा रागवायचे."

मी गावाला मराठीत सांगितलं. या वेळी प्रत्येक शब्द पारखून.

मग सोमीबाई पुढं आली. तिच्या मायची गोष्ट. माय पोटुशी होती. डोक्यावर टोपल्यांचं ओझं. चढावर दम लागला, पण ओझं खाली ठेवलं तर पुन्हा डोक्यावर कोण देणार? म्हणून उतरवलंच नाही, सगळा घाट तशीच चढली. साहेबानं पाहिलं. "पुढच्या उन्हाड्यात त्याईनं आपल्या हातानं दगड लावले. माय सांगे, हाताले फोड आले होते. सरकारानं पैसा देल्ला नाई." मग त्या पावसाळ्यात ताप. नदीनाले फुगलेले, कोणी बाहेर जाऊ शकत नव्हतं, आत येऊ शकत नव्हतं. गावानंच पुरला, ओट्याजवळ. निरोप पाऊस सरल्यावर गेला, तो कुठं पोचला कोणालाच ठाऊक नाही.

पळाला नव्हता. मिस थॉर्नबीला एवढंच वाक्य मी दोनदा सांगितलं.

मग सोमीबाईनं तिला करून दाखवलं. ओट्याकडं तोंड करायचं, मान वाकवायची, ओझं सरकतं. पुन्हा मान खाली घालायची, ओझं डोक्यावर. कोणाचा हात लागत नाही. मिस थॉर्नबीनं आपली चामड्याची पिशवी ओट्यावर ठेवली, घेतली, ठेवली. पोरीसारखी.

डोमाभाऊनं स्वतः चार डहाळ्या बाजूला केल्या. खाली दगड. शेंदरानं लाल, थरावर थर. नाव असेल तर त्याखाली. कोणाला ठाऊक, कोरलं होतं की नाही.

बाईनं कॅमेरा काढला. मला म्हणाली, विचार, थोडा शेंदूर खरवडता येईल का. फक्त नावापुरता.

मी विचारलं. डोमाभाऊ रागावला नाही. म्हणाला, "खरवडा. तुमचा भाऊ हाये. पन मंग आमचा थोरबा नाई राह्यनार तो. नुसता साहेब राहील."

हे इंग्रजीत सांगायला मला खूप वेळ लागला. ती ऐकत होती, दगडाकडं बघत होती. तिच्या खिशात चाकू होता, मी पाहिला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांनीही जिंकावं असं वाटत होतं.

तिनं लाल दगडाचाच फोटो काढला. मग ओट्याचा. तिरक्या कोपऱ्याचा जवळून.

शेवटी डहाळी टाकायची म्हणून तिनं शेजारच्या झाडाला हात घातला. डोमाभाऊ घाईनं म्हणाला, "साग नोको, साग नोको! सरकारी हाये." सगळे हसले. मी सांगितल्यावर ती सगळ्यांत जोरानं हसली. भाऊ जंगलखात्यातला, त्याच्यासाठी सागाची डहाळी तोडली तर गुन्हा! पळसाची मोडून टाकली.

१६ जाने.

गेली. जीपमध्ये बसताना विचारलं, आता कमिटी ऐकेल? म्हणाली, सेनापतीच्या घरात तलवार आहे, बिशपचं पुस्तक आहे. मी लाल दगडाचा आणि दुधाच्या ओट्याचा फोटो घेऊन जाते. हसतील कदाचित.

हसू देत! सेनापतीनं काय केलं असेल ते सांगायला नको. बिशप बोलला असेल. याच्या ओट्यावर आजही मान मोकळी होते. असं मोठ्यानं म्हणायचं होतं. इंग्रजी आलं नाही. नुसता हात धरला. तिचा हात माझ्यापेक्षा खरबरीत निघाला, शेतातली पोर.

रज्जाकभाऊनं जाताना तिला चहा दिला, त्यात दूध आणि साखर घालून. मुकाट्यानं प्याली.

१७ जाने.

शाळा. पोरांचे निबंध तपासले. 'आपल्या जिल्ह्यातील थोर माणसे.' सगळ्यांनी मी फळ्यावर लिहिलेलीच नावं उतरवली होती. बहुतेक राजे. काय करणार, शिकवलं ते लिहिलं.

३ मे

ऊन मरणाचं. गाव तेंदूपानाला जातं, पोरं शाळेला येत नाहीत. रटलंडहून काही कळलेलं नाही. रेंजरसाहेबांची बदली झाली, विचारायचं कोणाला?

आज घाटावर सोमीबाई भेटली. पानांचं ओझं ओट्यावर ठेवून उभी होती. मी डहाळी टाकली. तिनं विचारलं, "बाई, बसवलं का थोरबाले तिकडं?"

"माहीत नाही गं."

"बसवलं असंन." तिनं मान खाली घातली, ओझं डोक्यावर घेतलं, दोन पावलं गेली आणि तशीच वळली. "पन तिकडं डहाळी कोन टाकत असंन त्याईले?"

ती चढून गेली. मी ढिगाकडं वळले, पळसाची आणखी एक डहाळी मोडली आणि टाकली.