हाताखाली

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

नोकरी पक्की झाली. तब्येत बरी आहे. आईला सांगा, भाजीत मीठ आता बेताचं पडतं.

सहा महिन्यांच्या कामाचा आढावा इथल्या संचालकांना इथल्या भाषेत, पोर्तुगीजमध्ये द्यायचा होता. आपल्याकडे कोणाच्याही हाताखाली, इंग्रजीत 'अंडर' काम करता येतं, म्हणून मी पोर्तुगीजमध्येही शब्दशः म्हणाले, "मी मुख्य इंजिनियर बाईंच्या हाताखाली असते." संचालकांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. सगळे हसले. माझे कान तापले. वाटलं, गेली नोकरी.

बाई म्हणाल्या, "अगं, आम्ही 'त्यांना उत्तर देते' असं म्हणतो. आणि ही देते हो! माझ्या पंपाच्या आराखड्यातली चूक हिनंच मला दाखवली." मग त्यांनी माझ्या नोकरी पक्की करायच्या कागदावर सही केली.

वाक्य मी सुधारून घेतलं आहे. पण तुम्ही पाइप जोडायचात आणि मी शेजारी बॅटरी धरून बसायचे, तिथे जुनाच शब्द बरोबर होता. तुमची चूक दाखवली की तुम्ही रागवायचा नाहीत, पाना माझ्या हातात द्यायचात. ती सवय इथे उपयोगी पडली.

गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा' लिहू नका.

तुमच्या हाताखालची,
धाकटी