गोलकीपरच्या बायकोची निरवानिरव

मी, उपासना लुबोश कुचेरा, माहेरची रामटेके, मूळ राहणार नागपूर, सध्या राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, व्यवसाय फिजिओथेरपिस्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी नाही. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. यापूर्वी कुठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. वकिलांनी याचे इंग्रजी करून घ्यावे. शंका आल्यास मराठी खरे धरावे.

१. राहते घर माझे पती लुबोश यांना मिळावे. जिन्यावरचा दिवा कायम सुरू ठेवावा. त्याचा तोल अजून जातो. तो का जातो, हे इथे नोंदवते, कारण लोक भलतेच सांगतात.

लुबोश चेक गोलकीपर, ब्रनोजवळच्या गावातला. तिकडे त्याची उमेदीची वर्षे राखीव म्हणून बाकावर गेली. वॉर्मअप करायचा आणि जॅकेट घालून बसायचा. तिशीत अमेरिकेत आला, तेव्हा कुठे गोल त्याचा झाला. त्याच क्लबात मी फिजिओ होते. तिथेच लग्न जमले.

सेमीफायनलला आम्ही एका गोलने पुढे होतो. अगदी शेवटी तो चेंडूवर झेपावला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी धावत गेले. तो उठला, हसला आणि म्हणाला, "आपला गोल कुठला?"

बदली खेळाडू संपले होते. कोच डेल मर्कर बाहेरून माझ्यावर ओरडले, "ही इज फाइन! तू बाहेर ये!"

"उपा, बाजूला हो," लुबोश माझ्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला. "इथवर यायला मला किती वर्षं लागली, तुला माहितेय."

माहीत होते. मी गोलरेषेवर मांडी घालून बसले. लोक हुर्यो करत होते, रेफरीने कार्ड दाखवले, तरी उठले नाही. मला उठवायला लुबोश वाकला आणि तिथेच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एका बचावपटूला हातमोजे घालून उभे केले, आणि आम्ही हरलो. लुबोश परत कधी खेळला नाही.

वर्षभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. "ती मॅच मी वाचवली असती," असे तो आजही म्हणतो. घर या मतासकट त्याचे.

२. बचत व नागपूरचा फ्लॅट मुलगी इला हिला. ती कॉलेजच्या संघात गोलकीपर आहे. मी तिला अडवले नाही, आणि तिची एकही मॅच बसून पाहिली नाही.

३. दवाखान्यातले टेबल व यंत्रे माझा सहकारी प्रितम याला. टेबल करकरते, पण पेशंटना त्याची सवय आहे.

४. डेल मर्कर यांना काहीही नाही. "बायको घाबरली म्हणून हरलो," असे त्यांनी पत्रकारांना सांगितले होते. घाबरले होतेच. त्यांना अंत्यविधीला येऊ द्यावे, बोलायला उभे करू नये.

५. त्या वेळी त्रिशरण-पंचशील लुबोशने म्हणावे. त्याला पाठ आहे. उच्चार चुकले तरी कोणी सुधारू नयेत.

६. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले नाही आणि यंत्रावर राहिले, तर निर्णय फक्त लुबोशने घ्यावा. इलावर तो भार टाकू नये.

हे कलम मी त्याला आत्ताच वाचून दाखवले. तो भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला.

"मी यंत्र बंद करा म्हणणार नाही."

"डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही, तर?"

"तरीही नाही."

"लुबोश, मला तसं पडून राहायचं नाही."

ओल्या हातांनीच तो माझ्याकडे वळला. "त्या दिवशी तू मला विचारलं नव्हतंस."

"परत तशी वेळ आली तरी विचारणार नाही. पण हे माझं आहे, म्हणून विचारतेय."

तो समोर येऊन बसला. "म्हणेन," तो म्हणाला. "लिही."

त्याच्यासमोर लिहिले आहे.

सही: उपासना कुचेरा

आमच्यादेखत सही झाली. या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळायचे नाही:
१. सुवर्णा ढवळे, शेजारी
२. सिद्धेश वानखडे, शेजारी

कॅरी, बुधवार, १० सप्टेंबर २०२५