तुझा स्पेन तिच्याकडे

आई, गेल्या रविवारी तुझी ती लाडकी विद्यार्थिनी इथे जपानात, त्सुकुबाला आली होती. इथल्या एका संशोधन संस्थेत तिची परिषद होती, आणि मी इथे राहते हे तिला कुठून तरी कळलं होतं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी स्टेशनच्या जिन्यावरून वर येताना ती दिसली आणि मी जुन्या सवयीनं बाजूला सरले.

पुण्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू स्पॅनिश शिकवायचीस. पाच-सहा मुली असायच्या आणि तुझ्या शेजारची खुर्ची कायम तिची. मी चौदा वर्षांची, ओट्याशी उभी राहून दूध तापवते आहे. तू वर्गाला विचारतेस, स्पेन म्हटलं की काय आठवतं? मी मध्येच म्हणते, "बैलांची झुंज." तू वळूनही बघत नाहीस. "माहीत नसेल तर गप्प बसावं," एवढंच म्हणतेस. मग ती बोलू लागते. स्पेन एकच नाही, मॅडम. वायव्येला गालिसियात कोकणासारखा पाऊस आणि हिरवळ, तिथली भाषा पोर्तुगीजच्या जवळची. बास्क लोकांच्या भाषेला तर जगात कोणी नातेवाईकच नाही. कातालोनियातल्या माणसाला त्याची कातालान आधी, स्पॅनिश नंतर. मधलं कास्तियाचं पठार उन्हाळ्यात भाजतं नि थंडीत गोठतं, आणि दक्षिणेला अंदालुसियात ऑलिव्हच्या बागा, अरबांच्या काळातले महाल. तुझा चेहरा असा उजळतो, की मी बघतच राहते आणि दूध उतू जातं. त्यावरूनही बोलणी मलाच बसली.

पुढे ती स्पेनला गेली आणि तिथलीच झाली. निघताना तू तिला तुझा शब्दकोश दिलास, समासात तुझ्या बारीक अक्षरातल्या नोंदी असलेला. मी लग्न करून जपानला निघाले तेव्हा मला प्रेशर कुकर दिलास. तो अजून उत्तम चालतो.

रविवारी आम्ही स्टेशनसमोर जेवायला बसलो. माझी लेक नऊ वर्षांची आहे. तुझ्याबद्दल मी काही सांगायला लागले की "मोऊ इइ", म्हणजे पुरे आता, असं म्हणून उठून जाते. त्या दिवशी तासभर तिला चिकटून बसली आणि चक्क मराठीत विचारलं, "माझी आजी कशी होती?"

"तुझ्या आजीला गालिसियात जाऊन राहायचं होतं," ती म्हणाली. "एक वर्ष, एकटीनं. अर्जसुद्धा भरला होता तिनं. पण तुझ्या आईची दहावी होती, म्हणून राहिलं."

मला हे माहीत नव्हतं, आई. माझ्यासाठी थांबलीस, आणि सांगितलंस तिला. लेक माझ्याकडे बघत होती. "हो, होतं तसं काहीतरी," असं म्हणून मी बिल मागवलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा गेटपाशी तिनं माझा हात धरला. "मॅडमनी शेवटी माझी आठवण काढली होती का गं?"

"नाही," मी म्हणाले. "शेवटी ती कोणालाच ओळखत नव्हती."

ती मान हलवून गेली. हे पत्र लिहून झाल्यावर तिलाच पाठवावं असं दोनदा मनात आलं, पण नाही पाठवणार. खरं काय झालं ते फक्त मला माहीत आहे. मी इथून दवाखान्यात पोचले त्या दुपारी तू डोळे उघडलेस, मला तिच्या नावानं हाक मारलीस आणि किती तरी वेळ स्पॅनिशमध्ये बोलत राहिलीस, हसून, हळू आवाजात. मला एक अक्षर कळलं नाही. मी "सी, सी", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणत राहिले. मी ती नाही, हे तुला सांगितलं नाही, कारण माझ्याशी तू तसं कधीच बोलली नव्हतीस.